वेट फूड देऊनही म्हाताऱ्या मांजराचं वजन उतरत नाही, तेव्हा काय काय तपासायचं

आमची ठकी अकरा वर्षांची झाली तेव्हा तिचं वजन ६.२ किलो भरलं. खिडकीच्या कट्ट्यावर उडी मारणं तिने सोडून दिलं होतं. पाठीच्या मागच्या भागापर्यंत जीभ पोचत नव्हती, त्यामुळे तिथे केसांच्या गुठळ्या व्हायला लागल्या होत्या. डॉक्टरांनी सांगितलं, वेट फूडवर आणा आणि वजन कमी करा. त्याच संध्याकाळी आम्ही पाऊच आणले. दोन महिन्यांनी पुन्हा वजन केलं तर ६.३.

मांजर पाळणाऱ्या ओळखीतल्या बऱ्याच घरांत हेच घडताना पाहिलं आहे. वेट फूड सुरू होतं, खर्च वाढतो, काटा मात्र तिथेच राहतो. नाहीतर महिनाभर उतरतो, मग अडकतो आणि पावसाळा संपेपर्यंत पुन्हा वर जातो. चूक बहुतेक वेळा हिशेबात असते आणि ती शोधता येते. मी ज्या क्रमाने शोधली त्याच क्रमाने लिहिते आहे.

सगळ्यात आधी: उपाशी ठेवायचं नाही

हे पहिल्यांदा लिहिते, कारण यात जीव जाऊ शकतो. जाड मांजर दोन-तीन दिवस जेवलं नाही तर अंगातली चरबी एकदम यकृतात येऊन साचते. त्याला फॅटी लिव्हर म्हणतात, आणि जाड मांजरांना त्याचा धोका सगळ्यात जास्त असतो. "भूक लागली की खाईल झक मारत" हा कुत्र्याच्या बाबतीत कधी चालून जाणारा विचार मांजराला लावू नका. नवीन फूड हुंगून मांजर निघून गेलं तर त्याच दिवशी जुनं फूड द्या. पूर्ण एक दिवस पोटात काही गेलं नसेल तर डॉक्टरांना फोन करा.

दुसरी गोष्ट रक्त-लघवी तपासण्याची. दहा वर्षांपुढच्या मांजराचा आहार बदलण्याआधी किडनी, साखर आणि थायरॉइड बघून घ्या. तुमचे डॉक्टर परळच्या बैलघोडा हॉस्पिटलातले असोत की गल्लीतल्या दवाखान्यातले, क्रिएटिनीन, ग्लुकोज आणि टी-फोर एवढं तरी करायला सांगा, जमलं तर रक्तदाबही बघून घ्या. कारण असं की किडनी थकलेली असेल तर फूडमधला फॉस्फरस मोजून घ्यावा लागतो, आणि दुकानातल्या कितीतरी चांगल्या, मांसाने भरलेल्या वेट फूडमध्ये तो भरपूर असतो. अशा मांजराचं फूड डॉक्टरांनीच ठरवायला हवं. मधुमेहाचं मांजर इन्सुलिनवर असेल तर आणखी जपा. ड्राय फूड सोडून वेट फूडवर गेलं की पिष्ट कमी होतं, रक्तातली साखर खाली येते, आणि इन्सुलिनचा जुना डोस जास्त होऊन मांजर बेशुद्ध पडू शकतं. डोस आणि फूड दोन्ही एकाच वेळी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली बदलायचे.

किती कॅलरी द्यायच्या ते काढा

आमची खरी चूक इथे होती. आम्ही पाऊच मोजत होतो, कॅलरी मोजत नव्हतो.

मांजराचं आत्ताचं वजन बाजूला ठेवा आणि ते किती असायला हवं ते ठरवा. डॉक्टर नऊ अंकांच्या मापावर शरीराची ठेवण बघतात. पाच म्हणजे योग्य, आणि त्यावरचा प्रत्येक अंक म्हणजे साधारण दहा ते पंधरा टक्के जास्त वजन. ठकी आठवर होती, म्हणजे तिचं योग्य वजन ४.८ किलोच्या आसपास. घरी बघायचं तर बरगड्यांवरून तळहात फिरवा. पातळ चादरीखाली पेन्सिली ठेवल्या आहेत असं लागलं तर ठीक. दाबून शोधाव्या लागत असतील तर चरबी जास्त आहे.

आता फोनमधला साधा कॅल्क्युलेटर घ्या. योग्य वजन तीन वेळा गुणा (४.८ × ४.८ × ४.८), मग वर्गमुळाचं बटण दोनदा दाबा, आणि जे येईल त्याला ७० ने गुणा. ४.८ किलोसाठी उत्तर येतं सुमारे २२७ किलोकॅलरी (बोलताना आपण यांनाच कॅलरी म्हणतो). ही नुसतं स्वस्थ बसून राहायला लागणारी ऊर्जा. वजन उतरवण्यासाठी तिच्या ८० टक्के द्यायच्या, म्हणजे दिवसाला १८० च्या जवळपास. ४ किलो योग्य वजन असलेल्या मांजराला हाच आकडा १५८ येतो.

आम्ही काय देत होतो ते मी त्या रात्री मांडलं. दोन पाऊच, म्हणजे ११८ कॅलरी (पाऊचच्या कॅलरी कशा काढायच्या ते पुढे येतं). त्यासोबत वाटीने घातलेले ड्राय फूडचे दाणे. वाटी ३० ग्रॅमची आहे असा आमचा समज होता, वजनकाट्यावर ती ४० ग्रॅम भरली. ते १४८. शिवाय आई रोज सकाळी चहा करताना ठकीच्या बशीत म्हशीचं दूध ओतायची, अर्धी वाटी. म्हशीच्या दुधात १०० मिलीला शंभरच्या वर कॅलरी असतात, म्हणजे ते पन्नासेक. एकूण ३१५ च्या वर. ठकीला हव्या होत्या १८०.

आईला दूध बंद कर म्हणून सांगणं मला जड गेलं. आमच्या घरी मांजर म्हटलं की दुधाची बशी आलीच, आणि ठकी ती बशी वाजली की धावत यायची. पण मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना दूध नीट पचतही नाही, पोट बिघडतं. आता बशी तीच आहे. आई त्यात पाऊचमधला एक चमचा रस्सा आणि कोमट पाणी घालते, आणि ठकी तशीच धावत येते.

मग वेट फूडच कशाला?

हा प्रश्न घरात हमखास निघतो. कॅलरीच मोजायच्या तर दाणे मोजून द्या की. उत्तर आकड्यांत आहे.

१०० ग्रॅमला ३७० कॅलरी असलेले, ३० टक्के प्रोटीनचे दाणे घेतले तर १८० कॅलरींसाठी ४९ ग्रॅम द्यावे लागतात. त्यातून प्रोटीन मिळतं १५ ग्रॅमच्या आत, पाणी चार-पाच ग्रॅम. वाटीच्या तळाशी जेमतेम दिसतील एवढे दाणे. तेवढ्याच कॅलरी चांगल्या वेट फूडमधून दिल्या तर ८५ ग्रॅमचे तीन पाऊच होतात, २५५ ग्रॅम. त्यात प्रोटीन २३ ग्रॅम आणि पाणी दोनशे मिलीच्या वर. पोट भरतं, अंगात पाणी जातं.

आणि म्हाताऱ्या मांजराला प्रोटीन हवंच. मांजर अस्सल मांसाहारी प्राणी. वय वाढलं की त्याचे स्नायू आपोआप झिजायला लागतात. प्रोटीन कमी देऊन वजन उतरवलं तर चरबीसोबत स्नायूही जातात, काटा खाली येतो आणि मांजर आणखी दुबळं होतं. म्हणून नुसत्या काट्यावर विश्वास ठेवू नका. पाठीच्या कण्यावरून आणि खांद्याच्या फऱ्यांवरून बोटं फिरवा. पोट लोंबतंय पण कणा टोचायला लागलाय, असं असेल तर स्नायू जात आहेत.

पाऊचवरचं लेबल कसं वाचायचं

पहिला शब्द शोधा तो "कम्प्लिट". कम्प्लिट अँड बॅलन्स्ड, किंवा कम्प्लिट पेट फूड, असं लिहिलेलं असेल तर ते फूड रोजचं जेवण म्हणून देता येतं. "कॉम्प्लिमेंटरी" लिहिलं असेल तर नाही. छोट्या डब्यांत मिळणारे, नुसत्या टूनाच्या किंवा चिकनच्या धाग्यांचे बरेच प्रकार कॉम्प्लिमेंटरी असतात. दिसायला सुरेख, चरबी कमी, प्रोटीन भरपूर. त्यामुळे वजन उतरवायला तेच उत्तम असं वाटतं. पण त्यांत जीवनसत्त्वं आणि खनिजं पुरेशी घातलेली नसतात. महिनोन्महिने तेवढ्यावरच ठेवलं तर मांजर आजारी पडेल. घरी उकडलेल्या चिकनचंही तेच. त्यात कॅल्शियम जवळपास नसतं, टॉरिन (मांजराला अन्नातून मिळायलाच हवं असं एक अमिनो आम्ल) पुरेसं नसतं, आणि टॉरिन कमी पडलं तर मांजराचं हृदय बिघडतं आणि डोळे कायमचे अधू होतात.

दुसरी गोष्ट, "सीनियर" या शब्दावर भुलू नका. अमेरिकेतल्या आफ्को या संस्थेच्या मापदंडांत वाढीचं वय आणि प्रौढ वय यांचे वेगळे निकष आहेत, म्हाताऱ्या मांजरांसाठी वेगळा निकष नाही. त्यामुळे सीनियर लिहिलेल्या दोन पाऊचमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. एकात चरबी कमी, दुसऱ्यात उलट वाढवलेली, कारण काही म्हातारी मांजरं वाळत जातात आणि ते फूड त्यांच्यासाठी बनवलेलं असतं.

तिसरी गोष्ट आकड्यांची. आपल्याकडच्या कितीतरी पाऊचवर कॅलरी छापलेल्याच नसतात. त्या काढाव्या लागतात. ठकीच्या पाऊचवर होतं: मॉइश्चर ८२, प्रोटीन ९, फॅट ३, फायबर अर्धा टक्का. राख, म्हणजे ऍश, लिहिलेली नसेल तर वेट फूडला २ धरा. सगळ्यांची बेरीज ९६.५. शंभरातून उरले ३.५, ते पिष्ट. आता प्रोटीनला ३.५ ने, फॅटला ८.५ ने आणि पिष्टाला ३.५ ने गुणून बेरीज करा: ३१.५ अधिक २५.५ अधिक १२.२५. म्हणजे १०० ग्रॅमला ६९ कॅलरी, आणि ८५ ग्रॅमच्या पाऊचला ५९. लेबलवर प्रोटीन आणि फॅटचे आकडे बहुधा "किमान" असतात, म्हणून हा हिशेब अंदाजाचा आहे. कंपनीने कॅलरी छापल्या असतील तर त्याच धरा.

"यात तर नऊच टक्के प्रोटीन, दाण्यांत तीस आहे" ही तक्रार मी दुकानातही ऐकली आहे. पाणी काढून टाका आणि मग बघा. पाऊचमध्ये ८२ टक्के पाणी, म्हणजे कोरडा माल १८. त्यात ९ प्रोटीन, म्हणजे निम्मं. दाण्यांत पाणी १० टक्के, कोरडा माल ९०, त्यात ३० प्रोटीन, म्हणजे तिसरा हिस्सा. मी पाऊच निवडताना कोरड्या मालात निदान ४५ टक्के प्रोटीन बघते आणि १०० ग्रॅमला ८० च्या आत कॅलरी. गुळगुळीत वाटलेल्या पाटे किंवा मूस प्रकारात पिष्ट कमी असतं ही चांगली गोष्ट, पण चरबी बरेचदा जास्त निघते, शंभरच्या पुढे कॅलरी जातात. ग्रेव्हीवाल्यात उलट: कॅलरी कमी, पण रस्सा दाट करायला स्टार्च घातलेला. मधुमेहाच्या मांजराला ग्रेव्ही टाळा. बाकीच्यांना कमी चरबीची ग्रेव्ही चालते. किटनचं फूड मात्र नको, मग मांजराला ते कितीही आवडो.

हिशेब जुळला, तरी काटा हलत नाही

आधी काटाच तपासा. माणसांच्या वजनकाट्यावर मांजराला उचलून उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं, ही पद्धत सुरुवातीचा अंदाज घ्यायला ठीक. पण असा काटा १०० ग्रॅमच्या टप्प्याने पुढे सरकतो. मांजराचं वजन आठवड्याला त्याच्या अर्धा ते एक टक्का उतरायला हवं, म्हणजे ठकीसाठी ३० ते ६० ग्रॅम. तो बदल त्या काट्यावर दिसणारच नाही, आणि आपण हताश होऊन सोडून देतो. तान्ह्या बाळांचा, दहा ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा घ्या किंवा आठवड्याला दवाखान्यात जाऊन करा. वार ठरवा. आम्ही रविवारी सकाळी, जेवणाआधी करतो आणि फ्रिजवरच्या कॅलेंडरात लिहितो. एका आठवड्याच्या आकड्यावरून काही ठरवू नका. चार आठवडे एकत्र बघा.

काटा खरा असेल तर घरातली दुसरी तोंडं आणि दुसरे हात शोधा. आमच्याकडे दुपारी शेजारच्या काकूंच्या दाराशी ठकी जाऊन बसायची आणि काकू तिला मांदेली द्यायच्या, प्रेमाने, रोज. मी त्यांना आमचं कॅलेंडर दाखवलं. त्या म्हणाल्या, "अगं, सांगायचं नाही का आधी?" आता आम्ही दिवसाच्या हिशेबातले दहा ग्रॅम उकडलेलं चिकन, मिठाशिवाय, काकूंच्याच डब्यात ठेवतो. त्याच्या १६-१७ कॅलरी होतात आणि काकूंच्या हातून खायचं ठकीचं सुख तसंच राहतं. वरखाऊ एकूण कॅलरींच्या दहा टक्क्यांत बसवायचं, हे ध्यानात ठेवा. सुकट आणि सुके बोंबील पूर्ण बंद. त्यातलं मीठ थकलेल्या किडनीला आणि रक्तदाबाला वाईट. कांदा-लसूण पडलेला रस्सा तर कुठल्याच मांजराला कधीच नको, त्याने रक्तातल्या लाल पेशी फुटतात.

घरात दुसरं मांजर असेल तर दोघांची जेवणं वेगळ्या खोल्यांत, दार लावून. वीस मिनिटांनी उरलेलं उचलायचं. दिवसभर वाटी भरून ठेवायची सवय असेल तर वजन उतरणार नाही, कारण कोण किती खातंय हेच कळत नाही.

आधी उतरलं, मग अडकलं

ठकीचं तिसऱ्या महिन्यात अडकलं, ५.७ वर. इथे बहुतेक लोक फूड निम्मं करतात आणि मांजर दिवसरात्र ओरडतं. वजन कमी झालं की शरीराची गरजही कमी होते, म्हणून थोडं कमी करावं लागतं, पण पाच ते दहा टक्केच. १८० चे आम्ही १६८ केले. त्याच्या खाली साधं फूड वापरून जाऊ नका. साधं फूड फार कमी दिलं तर कॅलरींसोबत जीवनसत्त्वं आणि टॉरिनही कमी पडतात. तेव्हा डॉक्टरांकडून वजन उतरवण्यासाठीचं खास फूड घ्यावं, त्यात कॅलरी कमी ठेवून बाकीचं जास्त घातलेलं असतं.

आणि हालचाल बघा. मांजर हलत नाही ते आळशी म्हणून असं आपण धरून चालतो. म्हाताऱ्या मांजराचे सांधे दुखत असतात आणि ते ओरडून सांगत नाही. ठकीसाठी कट्ट्याखाली एक पाट आणि एक स्टूल पायरीसारखं लावलं, त्यानंतर ती पुन्हा वर जाऊ लागली. दुखण्यावर औषध डॉक्टरांनीच द्यायचं. माणसांची पॅरासिटामोलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेते.

वेट फूडला तोंडच लावत नाही

आयुष्यभर दाणे खाल्लेल्या मांजराला मऊ फूड म्हणजे अन्नच वाटत नाही. दोन आठवडे द्या, गरज पडली तर चार. पहिले काही दिवस नेहमीच्या दाण्यांशेजारी वेगळ्या बशीत एक चमचा, मग हळूहळू प्रमाण बदला. फ्रिजमधून काढलेलं थंड फूड देऊ नका. पाऊच गरम पाण्याच्या भांड्यात पाच मिनिटं ठेवा, कोमट झालं की वास सुटतो. म्हातारपणी नाक मंदावलेलं असतं, वासानेच ते जेवणाकडे येतं. एका बाजूनेच चावत असेल, लाळ गळत असेल किंवा बशीपाशी येऊन मागे फिरत असेल तर दात बघून घ्या. आपल्या हवेत उघडं वेट फूड तासाभराहून जास्त ठेवू नका. फोडलेलं पाऊच झाकून फ्रिजमध्ये, दोन दिवसांत संपवा.

खर्चाचं म्हणाल तर दिवसाला तीन म्हणजे महिन्याला नव्वद पाऊच, आणि हे प्रत्येक घराला परवडणारं नाही. मग दोन पाऊच आणि १६ ग्रॅम दाणे द्या, काट्यावर मोजून. कॅलरी तेवढ्याच होतात. निम्म्याहून जास्त जेवण ओलं राहिलं तरी पुष्कळ फायदा आहे.

पहाटे चारला उठवत असेल तर दिवसाचं जेवण चार वाट्यांत विभागा आणि शेवटचं रात्री झोपताना द्या. ओरडल्याबरोबर उठून देऊ नका. आठवडाभर त्रास होईल.

फार वेगाने उतरतंय

याचा आनंद मानू नका. आठवड्याला दोन टक्क्यांहून जास्त, म्हणजे सहा किलोच्या मांजराचे १२० ग्रॅमच्या वर जात असतील, तर फूड वाढवा आणि डॉक्टरांना दाखवा. भरपूर खातंय, पाणी जास्त पितंय, तरी वाळतंय, असं असेल तर थायरॉइड किंवा मधुमेह असू शकतो. खाणं कमी, उलट्या, लघवी जास्त, असं असेल तर किडनी. बोका लघवीला बसतो आणि थेंबही येत नाही असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका, त्याच घटकेला दवाखाना गाठा.

ठकीला ४.९ वर यायला दहा महिने लागले. तिथे पोचल्यावर आम्ही दर दोन आठवड्यांनी दहा-दहा कॅलरी वाढवत नेल्या आणि २०० वर थांबलो. गेले चार महिने काटा ४.९ आणि ५ च्या मध्ये आहे. पाठीवरच्या गुठळ्या गेल्या, तिथे आता तिची जीभ पोचते. रविवारचं वजन चालूच आहे.